गोवर निघालेलं कपाट

मित्रांनो, उत्तर न दिलेलं एक पत्र मी साडेआठ वर्षं सांभाळलं. पिवळसर पोस्टकार्ड होतं ते. माझ्या वरच्या कप्प्यात, हळदीच्या डब्याला टेकून उभं असायचं. डबा काढला की ते आडवं पडायचं आणि सोनीबाई ते पुन्हा उभं करायची. तिचा नवरा भिमाजी मात्र हळद लागली तरी त्या कप्प्याकडे बघायचा नाही.

मी चार दारांचं, माणसाच्या उंचीचं एक कपाट आहे. खोडद गावात भिमाजी रंगाऱ्याच्या स्वयंपाकघरात, स्टोव्हच्या ओट्यापासून दोन हातांवर मी उभा आहे. माझ्यासारख्या सामान्य वस्तूनं आपली कहाणी सांगावी की नाही, याबद्दल मी पुष्कळ दिवस विचार करत होतो. पण जे मी पाहिलं ते पाहून मी अजून थक्क आहे, आणि थक्क झालेल्यानं गप्प राहणं मला जमलं नाही.

मी आधी झाड होतो. कुठलं, ते विचारू नका. थंड मुलखातला होतो एवढंच आठवतं. मग माझ्या फळ्या झाल्या, फळ्यांचं खोकं झालं, आणि त्या खोक्यात भुसा आणि कागद घालून कसलंसं यंत्र ठेवलं गेलं. ते यंत्र मी कधी पाहिलं नाही. मी फक्त त्याच्या भोवती होतो. रेल्वे, मग ट्रक, मग एक मोकळं रान, आणि त्या रानात उभ्या राहत असलेल्या रेडिओ-दुर्बिणीच्या प्रचंड मोठ्या ताटल्या. गावाएवढं आभाळ एकेका ताटलीत मावेल असं वाटायचं. त्या ताटल्या हळूहळू मान वळवत आणि आभाळात काय चाललंय ते ऐकत, असं लोक म्हणत. आपण ज्याला इतक्या लांबून जपून आणलं ते आता त्यातल्या कुठल्याशा ताटलीच्या कानात बसलं असेल, या विचारानं अजूनही माझ्या फळ्या शहारतात.

यंत्र काढून घेतलं आणि खोकी भंगारात गेली. तिथून संपत सुतारानं ती आणली आणि भिमाजीच्या स्वयंपाकघरासाठी मला जोडलं. हे चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यातलं. माझ्या एका फळीवर वर जाणारा काळा बाण छापलेला होता. संपतनं ती फळी उलटी बसवली.

"बाण खाली हाय की रं संपत," भिमाजी म्हणाला.

"मग काय झालं? कपाटाला कळतंय व्हय?" संपत म्हणाला. "न्हाईतर तू डोक्यावर उभा राहून बघ, म्हंजे वर दिसंल."

भिमाजीचा हात तालुक्यात नावाजलेला होता. बैलगाडीच्या साट्यावर तो वेली काढायचा, चाकांच्या आऱ्यांना लाल-पिवळं करायचा, ट्रॉलीवर मालकाचं नाव असं लिहायचा की मालक दोन दिवस ट्रॉली धूत नसे. सकाळी जेवणाआधी आणि दुपारी जेवणानंतर त्याच्या घरी एक माणूस हमखास येऊन बसायचा. त्याचं नाव सावळेराम. तो पश्चिमेकडच्या डोंगरातला, आंबेगाव तालुक्यातला. ताटल्यांच्या उंच लोखंडी सांगाड्यांना रंग द्यायच्या कामावर होता. कमरेला दोर बांधून एवढ्या उंचावर लटकणारा माणूस जमिनीवर मात्र फार हळू बोलायचा.

मी कोरा उभा होतो तेव्हा सावळेरामनं माझ्या दारावरून बोट फिरवलं. माझ्या लाकडात जागोजागी तपकिरी, गोल गाठी आहेत. जिथून फांदी फुटली होती तिथल्या. तो एका गाठीवर थांबला, बोट नाकाशी नेलं.

"भिमा, ह्या गाठी रडत्यात."

"लाकूड काय सासरी निघालंय का, रडाया?" संपत म्हणाला.

"थट्टा न्हाई. असल्या लाकडाच्या गाठीत डिंक असतोय. आपल्या बाभळीत तसलं न्हाई. कुणीतरी म्हणलं व्हतं मला, ह्याला आधी चपडा पाजावा, दोन हात. मग रंग."

चपडा म्हणजे लाखेचे पातळ, मधासारख्या रंगाचे पापुद्रे. ते स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला लावतात.

"कोण म्हणलं व्हतं?" भिमाजीनं विचारलं.

"आता नाव ध्यानात न्हाई."

संपत हसला. संपत हसला नसता तर कदाचित पुढचं काही घडलंच नसतं. आपल्या घरात, आपल्या बायकोसमोर, कुणीतरी आपल्याला आपलं काम शिकवतंय आणि सुतार हसतोय, एवढंच भिमाजीला दिसलं.

"सावळ्या, वीस वर्सं गाड्या रंगवतोय मी. लोखंडाला रंग फासणारा तू, तुला लाकडातलं काय कळतं? डोंगरात तुमी कुडाला शेण सारवता, त्येच सारव जा."

मी त्या वेळी नुकताच उभा राहिलो होतो, मला माणसांची फारशी ओळख नव्हती. पण एखादी फांदी तुटते तेव्हा क्षणभर सगळं रान गप्प होतं, ते मला माहीत होतं. तसं झालं. सावळेरामनं अर्धा चहा तसाच कपात ठेवला.

"येतो वैनी," तो सोनीबाईला म्हणाला. आणि गेला. पुन्हा आला नाही.

भिमाजीनं मला दसऱ्याआधी रंगवलं. खिळ्यांच्या भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पॉलिश पेपर मारला, आणि पांढरा ऑइलपेंट लावला. मित्रांनो, ब्रश कसा चालतो ते मी त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवलं. ब्रश भरून रंग यायचा, पण ओघळायचा नाही. भिमाजी श्वास रोखून वरून खाली एकच लांब हात ओढायचा, आणि केसांच्या रेषा पाहता पाहता मिटून जायच्या, पाणी स्थिर व्हावं तशा. संध्याकाळी माझ्या दारापुढे ताट धरलं तर त्यात ताट दिसायचं. गल्लीतल्या बायका येऊन बोट लावू का, म्हणून विचारायच्या. भिमाजीची आई ठकूबाई काठी टेकत आली आणि माझ्यात स्वतःचं तोंड बघून म्हणाली, "अगं बया, म्हातारी झाले की मी!"

सगळं घर हसलं. मीही धन्य झालो.

पुढच्या चैत्रात ऊन तापलं. स्टोव्हची धग, भाकरीची वाफ आणि वरून पत्रा. माझ्या आत काहीतरी हललं. मला वाटलं होतं, मी झाड होतो ते कधीच संपलं. संपलं नव्हतं. माझ्या गाठीगाठीत तो डिंक अजून जिवंत होता. इतकी वर्षं, इतके कोस, करवत आणि खिळे सोसूनही तो वाट शोधत होता. मी त्याला थांबवू शकलो नाही. आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मला त्याचा अचंबाही वाटला.

एके सकाळी सोनीबाई किंचाळली.

"अवं, या की इकडं! कपाटाला गोवर निघालाय!"

पांढऱ्या रंगावर पिवळे-तपकिरी ठिपके उमटले होते. काही फुगलेले, काहींतून चिकट थेंब आलेला. मी खरोखर गोवर निघालेल्या पोरासारखा दिसत होतो.

ठकूबाईनं मात्र थट्टा मानली नाही. तिनं काठी टेकत जाऊन कडुलिंबाचा डहाळा आणला आणि माझ्या कडीला बांधला. घरात गोवर असला की फोडणी द्यायची नाही, असा तिचा नेम. तिनं पाच दिवस घरात फोडणी बंद केली.

"आई, पोरगं न्हाई ते, लाकूड हाय," भिमाजी म्हणाला.

"पोराचा ताप उतरतो, तर लाकडाचा न्हाई व्हय उतरायचा?"

पाच दिवस बिनफोडणीची आमटी, शिळी भाकरी. आणि काय सांगू, ठिपके थांबले! स्टोव्ह कमी पेटला, धग कमी झाली, म्हणून डिंक निवला होता. पण ठकूबाईचा चेहरा असा उजळला की तिला ते सांगायला देव जरी गेला असता, तरी त्यानं पाऊल मागे घेतलं असतं. सहाव्या दिवशी लसणाची फोडणी चुरचुरली. आठवड्यात गोवर दुप्पट झाला.

त्याच आषाढात ते पोस्टकार्ड आलं. भिमाजीनं ते स्वयंपाकघरात, मला पाठ टेकून, ओठांतल्या ओठांत वाचलं. मी शब्द न् शब्द ऐकला.

"भिमाजीस सावळेरामचा रामराम. ताटल्यांचं काम संपलं, मी गावी आलो. मोहिनीचं लग्न झालं, घोडेगावात दिली. जावयानं स्वयंपाकघरात कपाटं केली, त्याच खोक्यांच्या लाकडाची. रंगवायचं मी कबूल केलं आहे. मी चपड्याचं बोललो ते ऐकीव होतं, स्वतः लावून पाहिलं नाही. तुझा रंग टिकला असेल तर माझं चुकलं, मी तुझ्यासारखाच सरळ रंग लावीन. तुझा हात माझ्यापेक्षा बरा. काय झालं ते खरं कळव, म्हणजे पोरीच्या कपाटांचं वाटोळं व्हायचं नाही. आईंना व वहिनींना नमस्कार."

शेणाचा उल्लेख कुठेच नव्हता. रागाचा एक शब्द नव्हता. भिमाजीला तेच सोसलं नाही.

त्यानं उत्तर लिहायला कार्ड आणलं. 'रंग' एवढं लिहिलं आणि मान वर केली. समोर मी होतो, ठिपक्यांनी भरलेला. 'टिकला' लिहिलं तर खोटं, आणि त्या खोट्यानं एका लेकीची कपाटं बिघडणार. 'टिकला नाही' लिहिलं तर वीस वर्षांच्या नावाचं काय? कार्ड परसातल्या चुलीत गेलं. त्यानंतर आणखी चार गेली. पाचव्यानंतर त्यानं कार्ड आणणं सोडलं.

लिहिण्याऐवजी त्यानं मला पुन्हा रंगवलं. रंग टिकला की मग ताठ मानेनं लिहू, असं त्याला वाटत असावं. दुसऱ्यांदा नुसते ठिपके खरवडून वर जाड पांढरा हात दिला. एक उन्हाळा, की पुन्हा गोवर. तिसऱ्यांदा त्यानं चॉकलेटी रंग निवडला. ठिपका दिसायलाच नको! आणि खरंच, ठिपके दिसेनात. पण डिंक काय दिसण्यासाठी येत होता? तो आतून रंगाचं कातडं उचलत राहिला. दुधावरच्या सायीसारख्या माझ्यावर सुरकुत्या पडल्या. सोनीबाईचा पदर एकदा दाराला चिकटला तो फाडून काढावा लागला.

"दिसत न्हाई पण चावतंय," ती म्हणाली.

भिमाजीनं घरांची दारं-कपाटं रंगवायची कामं बंद केली. कुणी बोलवायला आलं की म्हणायचा, ट्रॉल्यांचं काम लई हाय. गाड्या कमी झाल्या होत्या, ट्रॉल्याही काही इतक्या नव्हत्या. तो रिकामा बसायचा. अशी सात वर्षं गेली, आणि माझ्याकडे कुणी फडकं मारायलाही येईना. तेलाचे ओघळ, धूर, झुरळं. मला माझाच कंटाळा आला होता.

मग दोन हजार दोनच्या कार्तिकात, चतुर्थीला सोनीबाई ओझरला गणपतीच्या दर्शनाला गेली. परत आली ती पाणीही न पिता स्वयंपाकघरात येऊन बसली.

"अवं, मोहिनी भेटली. सावळेरामभाऊजींची. रांगेत माझ्या पुढंच व्हती."

भिमाजी भाकरी मोडायचा थांबला.

"बरी हाय ना?"

"बरी हाय. दोन पोरं हायती. मी इचारलं, कपाटं रंगवली का गं? तर म्हणाली, न्हाई."

"न्हाई?"

"कोरीच हायती अजून. सात वर्सं. धुरानं काळी पडलीत म्हणाली. जावई म्हणतोय रंगवून टाकू, पण भाऊजी म्हणत्यात, भिमाजीचं पत्र येऊ दे."

भिमाजी हळूच म्हणाला, "येड लागलंय त्याला. मी लिवणार न्हाई हे कळंना व्हय?"

"तेच म्हणाले मी. तर पोरगी म्हणती, बाबा म्हणत्यात की भिमाजी खोटं लिवायचा न्हाई, म्हणून तर लिवत न्हाई. खरं कळलं की लिवंल."

मित्रांनो, मी आभाळ ऐकणाऱ्या ताटल्या पाहिल्या आहेत. पण वीस कोसांवर बसून, न आलेल्या पत्रातलं खरं ऐकणारा माणूस त्या दिवशी मला कळला. मी थक्क झालो. भिमाजीही झाला असावा. त्यानं भाकरी तशीच ठेवली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. कित्येक वर्षांत पहिल्यांदा.

"त्याला नुसतं 'टिकला न्हाई' लिवून काय उपेग?" तो म्हणाला. "पुढं काय करायचं, ते त्याला पायजे."

"मग चपडा लावून बघा की. त्यांनी न्हाई लावला, तुमी लावा. न्हाई जमलं तर दोघं बी चुकला, बरोबरीत सुटला."

दुसऱ्या दिवशी तो नारायणगावला गेला. येताना चपडा, स्पिरिट, प्रायमर आणि तीन नंबरांचे पॉलिश पेपर घेऊन आला. रंग मात्र आणला नव्हता. रंग कुठला, यावर घरात अडलं.

"चॉकलेटीच घेतो. न जाणो."

"न जाणो म्हंजे?" सोनीबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पुन्हा झाकायचंय व्हय? पांढरा आणा. निघायचा आसंल गोवर तर दिसू द्या की."

त्यानं पांढरा आणला.

आधी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यानं साचलेलं तेल काढलं. मग खरवडायच्या पत्र्यानं तिन्ही वेळचे रंग उतरवले. त्याला बारा दिवस लागले. चॉकलेटी गेला, खालचा पांढरा गेला, त्याखालचा पहिला पांढरा दिसला, तेव्हा तो क्षणभर थांबला. मग तोही उतरवला. मी पुन्हा कोरा झालो. त्यानं पेन्सिलीनं माझ्या एकेका गाठीभोवती गोल काढला. एक्केचाळीस भरल्या.

"आपल्याला काय दिसलं न्हाई बघ," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, ठाऊक नाही. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो.

स्पिरिटमध्ये चपडा रात्रभर भिजून विरघळला होता. त्यानं बारीक ब्रशनं प्रत्येक गाठीवर तो पाजला. थंड लागला, मग एकदम घट्ट. आतला डिंक वर आला, त्या पातळ कातडीला टेकला, आणि थांबला. इतकी वर्षं ज्याला करवत थांबवू शकली नव्हती, त्याला माशीच्या पंखाएवढ्या जाडीच्या लाखेनं थांबवलं. त्या क्षणाची गोष्ट सांगायला मला अजून शब्द सापडत नाही. त्यानं एक हात वाळू दिला, दुसरा दिला. मग प्रायमर. वाळल्यावर पॉलिश पेपर, इतका हलका की धूळही पिठासारखी पडावी. मग पांढऱ्याचा पातळ हात. दोन दिवस हात लावायचा नाही. पुन्हा पेपर. पुन्हा पातळ हात. पूर्वी तो एका जाड हातात चमक आणायचा. या वेळी त्यानं चमकेची वाट पाहिली.

रंग वाळला, पण तो कार्ड आणायला गेला नाही.

"आता लिवा की," सोनीबाई म्हणाली.

"उन्हाळा बघू दे."

चैत्रात तो रोज दुपारी माझ्या दारावरून तळवा फिरवायचा. "आज फोडणी जोरात दे, लसणाची," असं मुद्दाम सांगायचा. ठकूबाई आता अंथरुणाला खिळली होती. तिथूनच ओरडायची, "निघाला का रं?"

"न्हाई आई."

"डहाळा आणू का?"

"नको. तू पड."

वैशाख गेला. पाऊस आला, भिंतीला ओल आली, दारं फुगली, पण रंग फुगला नाही. श्रावण, भादवा, दिवाळी. माझ्या अंगावर एकही ठिपका नाही. आज मी तुमच्याशी बोलतोय तो असा, पांढरा, दारापुढे ताट धरलं तर ताट दिसेल असा.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी उभं असेल. त्याच्या अंगावर तेल उडालं तर त्याच दिवशी ओल्या फडक्यानं पुसा. तारेची घासणी लावू नका, तिनं चमक मरते. आणि रंग देताना घाई करू नका. वरच्या हातापेक्षा खालचे हात महत्त्वाचे असतात, ते कुणाला दिसत नाहीत म्हणून. हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही, माझ्या अंगावर झालेलं सांगतो.

मार्गशीर्षात एका सकाळी भिमाजी माझ्यापुढे पाट टाकून बसला. ट्रॉलीवर नाव लिहितो तसं एकेक अक्षर रेखून त्यानं कार्ड लिहिलं आणि सोनीबाईला वाचून दाखवलं.

"सावळेरामास भिमाजीचा रामराम. माझा रंग टिकला नाही. तीनदा लावला, तीनदा गेला. तू सांगितलेला टिकला. एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहून लिहितो आहे. गाठींना चपडा दोन हात, मग प्रायमर, मग पातळ रंग दोन हात, मधे दोन दोन दिवस. कपाटं आधी सोड्यानं धुवावी लागतील."

तो थांबला.

"पुढं?" सोनीबाई म्हणाली.

"पुढं ते शेणाचं हाय. ते कसं लिवू?"

"जसं बोलला तसं."

मग त्यानं लिहिलं आणि वाचलं नाही, तिच्या हातात दिलं. तिला चार यत्तांपुरतं वाचता यायचं. ती एकेक अक्षर जोडत मोठ्यानं वाचू लागली, म्हणून मला कळलं.

"शेण माझ्या तोंडात होतं. तू एकट्यानं रंगवू नकोस. मी ब्रश घेऊन येतो. मोहिनीला सांग, रंग पांढराच आणायचा."

सोनीबाईनं पदरानं नाक पुसलं. "जावा आता. न्हाईतर ह्येबी चुलीत घालाल."

तो गेला. टपालपेटी चावडीपाशी, चार पावलांवर. पण बराच वेळ आला नाही. सोनीबाईनं दोनदा दारात जाऊन पाहिलं. शेवटी तो उंबऱ्यात उभा राहिला, हात रिकामे.

"टाकलं?"

"टाकलं."

"एवढा येळ?"

"पडल्याचा आवाज आला न्हाई, म्हणून थांबलो. पेटीवर चापट मारली, तवा पडलं."

"नक्की?"

"नक्की. ऐकलं मी."